चरणजित सिंग, १९८२: बेसची खरखर मूळचीच की तबकडी खराब?

खोपट_श्रोती: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ची ग्रामोफोन कंपनीची मूळ एलपी घरात आहे. ठाण्यातल्या पावसाळी दमटपणात बंद कपाटात राहून तिच्यावर पांढरे ठिपके आलेत. पहिल्या बाजूला भैरवी स्वच्छ वाजते, मधुवंतीपर्यंत जाताना मात्र बेस फाटतो. त्यातला बेस वाजवणाऱ्या टीबी-३०३ या सिंथेसायझरचा आवाज मुळातच असा आहे, की दोष तबकडीचा? साफ कशाने करू? संगणकावर उतरवताना काय सांभाळू? कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई.

ऐरोली_३३: ताई, बहुधा दोष तबकडी वाजवण्यातला आहे. ३०३ चा रेझोनन्स (आवाज टोकदार करणारं बटण) वाढवला की बेस चिवचिवतो, कुरकुरतो. पण तो बदल काही मात्रांत हळूहळू चढतो-उतरतो आणि वरची टाळी, हाय-हॅट (झांजेचा आवाज) तेव्हाही स्वच्छच राहतात. सुई अडखळते तेव्हा सगळंच एकत्र फाटतं, हाय-हॅट ‘श्श’ करू लागते आणि आतल्या खाचांकडे जावं तसं ते वाढत जातं.

प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला पंचवीसेक मिनिटं. त्यामुळे खाचा बऱ्याच आतपर्यंत जातात. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी खाच सरकते, आत जेमतेम २१. तेवढ्याशा जागेत तीच उंच आवाजांची कंपनं कोंबलेली असतात. दुसऱ्या बाजूचा मेघमल्हार आणि शेवटचा बैरागी ऐका. पहिला स्वच्छ नि दुसरा फाटका निघाला तर निदान पक्कं.

मग सुईचा भार काट्यावर मोजून २.० ग्रॅम करा (या कार्ट्रिजला १.८ ते २.२ चालतो) आणि प्रोट्रॅक्टरवर (कोन मोजायच्या आखीव पट्टीवर) सुईचा कोन जुळवा. तरीही फाटलं, तर जुन्या काळच्या जड सुयांनी खाच झिजवली आहे असं धरा. याच बॉडीवर बसणारी व्हीएम९५एमएलची सुई कधी कधी खाचेचा न झिजलेला भाग पकडते. पण हे सगळं सफाईनंतर. बुरशीवर सुई टेकवू नका.

वाशी_ध्वनी: आधी मास्क लावून, गॅलरीत, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झाडा. मग डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली आणि फोटो धुण्याचं फोटो-फ्लो अर्धा मिली. फोटो-फ्लो जास्त पडलं तर थर उरतो, सुईला काळा गोळा येतो. खाचेच्या दिशेने गोल ब्रश फिरवा, मिनिटभर थांबा, मायक्रोफायबरने टिपा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा आणि उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. नळाचं पाणी नको, क्षार खाचेतच बसतात. लेबल भिजलं तर रंग उतरतो. हे मिश्रण फक्त व्हिनाइलसाठी. लाखेच्या ७८ आरपीएम तबकड्या अल्कोहोलने विरघळतात.

जुनं आतलं पाकीट फेकून द्या, नाहीतर बुरशी परत येईल. पुठ्ठ्याचं कव्हर वेगळं ठेवा.

नेरूळ_मालकंस: उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आपोआप खरखर काढणारं फिल्टर इथे अजिबात लावू नका. टीआर-८०८ या ठेका यंत्राची टाळी, रिमशॉट यांची सुरुवात इतकी धारदार असते की सॉफ्टवेअर तिलाच ‘क्लिक’ समजून कापतं आणि ठेका मऊ पडतो. प्रत्येक क्लिक डोळ्यांनी पाहून हाताने काढा. वेळ लागतो, पण ही तबकडी त्या मेहनतीच्या लायकीची आहे.

वेगही तपासा. एक टक्का चूक म्हणजे सूर सुमारे १७ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) सरकतो आणि रागात तो लगेच टोचतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी १८० रेघांची स्ट्रोब चकती लागते; वेग बरोबर असेल तर लुकलुकत्या उजेडात तिच्या रेघा स्थिर दिसतात. परदेशी २१६ रेघांची वेग बरोबर असतानाही फिरताना दिसेल. उजेड साध्या पिवळ्या बल्बचा घ्या, बरेच एलईडी लुकलुकतच नाहीत.

‘ॲसिड हाउसच्या आधीचं ॲसिड हाउस’ एवढंच या तबकडीबद्दल बोललं जातं. ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची सुरुवात मानलं जाणारं फ्युचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ चं, हे बरोबर. पण त्या तुलनेत खरं काम झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं. डिस्कोचा बेस सवयीने सा-प धरून चालतो. ललत आणि मालकंस दोन्हींत पंचम वर्ज्य. म्हणजे १६ पायऱ्यांच्या त्या छोट्या यंत्राला वेगळी वाट शोधावी लागते. ३०३ च्या स्लाइडने एक स्वर पुढच्यात ओढला जातो, मींडेच्या जवळ. सिनेमाच्या वादकवृंदांत वर्षानुवर्षं वाजवलेल्या माणसाने ती सोय रागासाठी वापरली, तीही मिडी (वाद्ययंत्रं एकमेकांना जोडायची पद्धत) येण्याआधी.

खोपट_श्रोती: मेघमल्हार स्वच्छ, बैरागी फाटका. भार २.६ ग्रॅम निघाला!

ऐरोली_३३: भार जास्त असून फाटतंय म्हणजे संशय कोनावर किंवा सुईच्या टोकावर. २.० करा, सुई भिंगाखाली पाहा. टोकावर बुरशीचा लगदा असेल तर कोरड्या ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने काढा. कोन त्यानंतर.