नाशिक डेटा तंत्रज्ञानाचं केंद्र व्हायला काय लागेल?

गोदाकाठ: नाशिकलाच इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बॅचमधले जवळजवळ सगळे पुणे नाहीतर बंगळुरूच्या तयारीत. इथे एखादं मोठं डेटा सेंटर आलं, तर फरक पडेल का?

स्टोरेजवाला_पुणे: तुमच्या बॅचला फारसा नाही. डेटा सेंटरं नवी मुंबईच्या ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात गेली, कारण इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँका, शेअर बाजार जवळ आहेत. सर्व्हरनी भरलेल्या एवढ्या अवाढव्य इमारतीला वीज आणि पाणी भरपूर लागतं, माणसं मात्र थोडीच.

पुणं वेगळ्या वाटेने घडलं. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आली, १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. मधल्या काळात, १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली. पुढे व्हेरिटास या डेटा साठवणुकीच्या कंपनीत फाइल सिस्टिम, बॅकअप असं खोलातलं काम करणारी माणसं तयार झाली आणि त्यांच्यातल्याच काहींनी २००८ मध्ये द्रुवा ही बॅकअपची कंपनी काढली. एका ठिकाणी शिकायचं, दुसरं काढायचं, तिथे पुढची पोरं शिकतात. नुसती जमीन आणि करात सूट देऊन हे होत नाही. मी स्वतः याच साखळीत शिकलो, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

दिंडोरी_बागायत: दादा, आमच्याकडे कामाला विषय आहे. युरोपला द्राक्षं पाठवायची तर बाग अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदवावी लागते, रेसिड्यूची म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी होते. पण छाटणी, फवारणी, पाऊस हे रोजचं सगळं अजून वहीतच.

स्टोरेजवाला_पुणे: ताई, अगदी हेच! शहराला स्वतःचा अवघड प्रश्न लागतो. तुमच्याकडे दोन आहेत, द्राक्ष आणि कुंभ. मूळचे नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक रमेश रासकर यांनी २०१५ च्या कुंभाआधी कुंभथॉन नावाची शिबिरं भरवून पोरांना गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर कामाला लावलं होतं. आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. महापालिकेने बस, पाणी, गर्दीचा डेटा खुला करावा, आणि तोही थेट प्रोग्राममध्ये घेता येईल असा. स्कॅन केलेल्या पीडीएफचा कुणाला उपयोग नाही.

गोदाकाठ, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला नसेल तर द्राक्षाच्या गोडी छाटणीची (फळासाठीची छाटणी) तारीख, पाऊस आणि आर्द्रता घेऊन डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा अंदाज बांधून बघ. कोडमध्ये अडलास तर विचार, मी बघेन.

गोदाकाठ: ताई, वहीच्या पानांचे फोटो मिळतील का?

दिंडोरी_बागायत: फोटोत अक्षर लागायचं नाही. रविवारी बागेत ये, मागच्या हंगामांच्या वह्या काढून ठेवते.