पाळीतील पोटदुखीवर खोलीत राहून काय करता येईल?

अनघा, सदाशिव पेठ:
मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहते. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात अशा कळा येतात की अभ्यासिकेतील खुर्चीत बसवत नाही. दुखणे कंबरेतून मांड्यांपर्यंत उतरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरते. खोलीत गॅस नाही, विजेची किटली तेवढी आहे. एवढ्यावर होण्याजोगे उपाय कृपया सुचवावेत.

माधवी, कोथरूड:
किटली आहे, म्हणजे निम्मे काम झाले. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळले जातात, तेथील रक्तपुरवठा काही काळ कमी पडतो आणि कळा येतात. शेकाने हे स्नायू सैल होतात. रबरी पिशवी दोन तृतीयांशच भरावी, बूच लावण्यापूर्वी आतली हवा दाबून काढावी आणि पंचात गुंडाळून ती आलटूनपालटून ओटीपोटावर व कंबरेखाली ठेवावी. पाणी उकळते नसावे. कळा थांबल्यावर डोळा लागतो आणि कातडी भाजल्याचे कळतही नाही. त्याच किटलीतल्या पाण्यात चिमूटभर सुंठ व गूळ घालून घ्यावे, त्यानेही बरे वाटते.

स्मिता, हडपसर:
शेकाने भागत नसेल तर गोळी घेण्यात काहीच गैर नाही. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच अटकाव करतात, म्हणून दुखणे असह्य होईपर्यंत न थांबता सुरुवातीलाच घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. ती उपाशीपोटी घेऊ नये. मेसचा डबा यायला वेळ असेल तर निदान एखादे केळे खावे. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित ताप, पुरळ आणि अंतर्गत अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये दिला होता. तेव्हा गोळीनंतर अंगावर पुरळ उठले तर ती बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

दुखणे दर महिन्याला वाढत असेल, पाळीच्या आधीपासून सुरू होत असेल किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच. सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी तेवढ्यावरून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार) नाही असे ठरत नाही. त्रास चालू राहिला तर पुन्हा दाखवावे.