‘संतुलन’ की ‘ताळा’?

अनुवादक, राजारामपुरी : बारावीच्या रसायनशास्त्राच्या टिपणांचे मराठी करताना एका वाक्यापाशी अडलो आहे. आम्लधर्मी द्रावणात मँगनीजच्या द्विधन आयनापासून परमँगनेट होताना पाण्याचे चार रेणू खर्ची पडतात आणि आठ हायड्रोजन आयन व पाच इलेक्ट्रॉन मोकळे होतात. त्यापुढे मी ‘ही अर्धाभिक्रिया संतुलित करा’ असे लिहिले. (अर्धाभिक्रिया म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याची किंवा घेण्याची एकच बाजू; संतुलित करणे म्हणजे समीकरणाच्या दोन्हीकडचे अणू व विद्युतभार सारखे करणे.) लक्ष्मीपुरीत पेढीवर आयुष्यभर चोपड्या लिहिलेले माझे काका म्हणाले, “संतुलन तराजूचं असतं, तू करतोस तो ताळा.”

जुना मास्तर : काकांना नमस्कार सांगा, परंतु ताळा ही शेवटची पायरी आहे. आधी ऑक्सिजनसाठी पाणी, मग हायड्रोजनसाठी त्याचे आयन आणि त्यानंतर इलेक्ट्रॉन मांडावेत. डावीकडे दोन धन भार आणि उजवीकडे हायड्रोजनच्या आठातून परमँगनेटचा एक व इलेक्ट्रॉनांचे पाच वजा जाऊन पुन्हा दोन धन उरले, की ताळा जुळला. ‘अर्धाभिक्रिया’ हा संधी निर्दोष आहे, पण माझ्या वर्गात तो ‘अर्धा भिक्रिया’ असा वाचला गेला आहे.

ताराराणी चौक : इलेक्ट्रॉन गमावण्याला ‘ऑक्सिडीकरण’ म्हणतात, मला तो शब्दच खटकते. लोहाचा द्विधन आयन त्रिधन होताना एक इलेक्ट्रॉन जातो, त्यात ऑक्सिजन कुठे आहे? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ‘ऑक्सिजन’ हे नावच ‘आम्लजनक’ या अर्थी, चुकीच्या समजुतीतून दिले. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यातले ताक ‘कळकले’ असे आमची आजी म्हणत असे. तिथे तांबे इलेक्ट्रॉन टाकून आयनरूपाने ताकात उतरते. तोच शब्द घ्यावा.

जुना मास्तर : कळकते ते ताक, तांबे नव्हे. शिवाय तांब्याने टाकलेले इलेक्ट्रॉन उचलतो तो मुख्यतः हवेतून ताकात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे आपण ज्याला हाकलले तोच पुन्हा पंगतीला बसलेला आहे.

मोडीप्रेमी : इलेक्ट्रॉन देणाऱ्याला पाठ्यपुस्तकात ‘क्षपणक’ म्हणतात, आणि संस्कृतात क्षपणक म्हणजे दिगंबर साधू. जवळचे सगळे देऊन टाकणारा तो क्षपणक, ही संगती मला पटते.

जुना मास्तर : मला मुळीच पटत नाही. क्षपण म्हणजे घटवणे. धातूच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेणारा तो क्षपणक, इतका सरळ अर्थ असताना साधूला प्रयोगशाळेत कशाला आणायचे?

अनुवादक, राजारामपुरी : काकांनी आता ‘खर्ची पडतात’ यालाही हरकत घेतली आहे. मँगनीजच्या खात्यात ते पाच इलेक्ट्रॉन जमेला धरायचे की नावे टाकायचे, असे त्यांनी विचारले आहे.