शिवताना पिक्चर बघून डिझाईन सुचतं का कोणाला?

शिवणवेडी: मशीनजवळ मोबाईल टेकवून जुने पिक्चर लावते मी, काल 60च्या दशकातला एक लागला होता, हिरोइनचा बोट नेक ब्लाऊज बघता बघता बाही उलटी जोडून बसली ना बाप्पा. तसा गळा कसा कापू?

इतवारीकर: रुंदी खांद्यापर्यंत न्या, समोरची खोली 3 इंचच ठेवा. आधी जुन्या चादरीवर कापून पहा, मग नागपूरच्या गांधीबाग कापड बाजारातून कापड आणा.

धरमपेठची काकू: सीन थांबवून स्क्रीनशॉट काढायचा, झूम केलं की टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या चुण्या) कुठे घातलेत ते कळतं. अन् पिक्चरचे कपडे डिझाईन करणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथैयांचं काम बघ गं, 1983 मध्ये ऑस्कर उगाच नाही मिळालं.

शिवणवेडी: बघते काकू! आधी ती बाही उसवू द्या.