मदत हवी आहे: १२ इंची बास हॉर्न उभा केला, पण ४० हर्ट्झला शांतता

उद्यमनगरी
फोल्डेड हॉर्न बनवलाय, म्हणजे भोंग्यासारखा रुंदावत जाणारा मार्ग घड्या घालून पेटीत बसवलेला बासचा स्पीकर. १२ इंची ड्रायव्हर (आतला मूळ स्पीकर), १८ मिमीचा ७१० प्लाय, डिझाइन ३५ हर्ट्झचं. प्रत्यक्षात ७०-८० च्या आसपास नुसतं बूंऽऽ. डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकाच सुरात येतो आणि ४० ला काहीच नाही. अँप बदलून बघितला, दोष त्याचा नाही. रविवारपर्यंत नीट करायचाय. काय चुकलं असेल?

पायलटहोल
ड्रायव्हरचे आकडे? थ्रोट (ड्रायव्हरजवळचं अरुंद तोंड), माऊथ (बाहेरचं रुंद तोंड), लांबी? ड्रायव्हरच्या मागचं बंद चेंबर किती लिटर? खोली केवढी, हॉर्न ठेवलाय कुठं? प्लायचा ग्रेड तेवढा सांगितलात.

नादखुळा१८
भावा, कशाला डोकं लावायलायस? मिरवणुकीतल्या डॉल्बीचा डबल १८ चा बिन (दोन १८ इंची ड्रायव्हरची पेटी) उचल. लई भारी. भिंती हलतील.

पायलटहोल
भिंती हलवायच्या नाहीत, बास ऐकायचाय. डॉल्बीवाले बिन एकावर एक रचतात, तेव्हा सगळ्यांची तोंडं मिळून एकच मोठं माऊथ होतं आणि बास खाली उतरतो. त्यातला एकटा बिन हॉलमध्ये आणला तर हेच रडगाणं.

नादखुळा१८
एकट्या बिनवर पण वाजतंय की. ऐकून बघ.

उद्यमनगरी
भांडू नका. आकडे घ्या: एफएस (ड्रायव्हरचा मोकळा रेझोनन्स) ४२ हर्ट्झ, क्यूटीएस (त्याचं एकूण डॅम्पिंग) ०.३१, व्हीएएस (सस्पेन्शनइतकाच ताठपणा असलेल्या हवेचं आकारमान) १२० लिटर, एसडी (कोनचं क्षेत्रफळ) ५३० चौ. सेमी. थ्रोट २५० चौ. सेमी, माऊथ ६० × ७५ सेमी, लांबी २.३ मीटर. मागचं चेंबर २५ लिटर, घड्या घातल्यावर तेवढीच जागा उरली. खोली १४ × १२ फूट. हॉर्न लांब भिंतीच्या मधोमध, सोफा बरोबर समोर.

पायलटहोल
मधोमध! हे आधी सांगायचं होतं.

थ्रोट २५० वरून माऊथ ४५०० चौ. सेमी म्हणजे १८ पट, २.३ मीटरमध्ये. फ्लेअर, म्हणजे रुंदावण्याचा वेग, ३४ हर्ट्झचा निघतो, तो बरोबर आहे. पण माऊथ ०.४५ चौ. मीटरच. जमीन आणि एक भिंत एवढाच आधार असेल तर हे माऊथ साधारण ७२ हर्ट्झपर्यंतच पुरतं. त्याखाली लाट तोंडाशी आपटून परत आत येते, तेच तुमचं बूं. कोपऱ्यात दोन्ही भिंती आणि जमीन हॉर्नचाच पुढचा भाग होतात, मग हेच माऊथ ५१ पर्यंत चालतं. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्शने १९४६ साली आपला हॉर्न कोपऱ्यासाठीच काढला तो याचसाठी. हॉर्नरेस्पमध्ये (हॉर्न डिझाइनचं सॉफ्टवेअर) अँग, म्हणजे आवाज पसरायचा कोन, ०.५ पाय (π) ठेवून आलेख काढला असणार. ०.५ म्हणजे कोपरा. तुमची आत्ताची जागा १ पाय आहे. बदलून बघा, आलेखच बोलेल.

दुसरं खोलीचं. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, पहिला मोड (खोलीचा स्वतःचा घुमणारा सूर) ४० हर्ट्झ. त्याचा शून्यबिंदू लांबीच्या बरोबर मध्यावर. हॉर्न तिथंच, सोफाही तिथंच. म्हणजे ४० नीट उठतही नाही आणि जो उठतो तो तुम्हाला ऐकू येत नाही. उलट ८० च्या मोडचा जोर मध्यावरच असतो.

लिटरमास्तर
कोपरा-बिपरा नंतर. खरा गुन्हेगार २५ लिटरचं चेंबर आहे. १२० लिटर व्हीएएसचा ड्रायव्हर २५ मध्ये कोंडला की रेझोनन्स ४२ वरून थेट १०१ वर. क्लिप्शचा नियम: २.९ × थ्रोट × क्षेत्रफळ दुप्पट व्हायला लागणारी लांबी. तुमच्या फ्लेअरला ती ५५ सेमी, म्हणजे सुमारे ४० लिटर. त्यात ड्रायव्हरच्या सस्पेन्शनचा ताठपणा धरला की खरी पेटी ६० लिटरची हवी.

पायलटहोल
आकडे मान्य, क्रम नाही. हॉर्न कोपऱ्यात ढकलायला पाच मिनिटं लागतात, पेटी कापायला दोन दिवस.

रंकाळाकट्टा
हॉर्नची सेन्सिटिव्हिटी (कमी वॉटमध्ये मोठा आवाज) असताना ३०० वॉटचा अँप कशाला? ८ वॉटचा सिंगल-एंडेड ट्यूब लावा.

पायलटहोल
अँपचं कोणीच विचारलं नाही हो. आणि सिंगल-एंडेडचा डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे अँपची ड्रायव्हरवरची पकड, कमी असतो, हे बूं आणखी सुटेल.

शेजारधर्म
रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरवर निर्बंध आहेत, एवढं ध्यानात असू द्या. हॉर्न घरातला असला तरी आवाज भिंतीपलीकडे जातोच.

उद्यमनगरी
कोपऱ्यात नेला. ५० नीट येतोय, बूं निम्मं झालं. सोफा दोन फूट डावीकडे सरकवल्यावर ४० पण जाणवायला लागला. पण घरचे म्हणतात सोफा परत मध्ये घ्या. आणि आता ५५ च्या आसपास फरफर ऐकू येतेय.

लिटरमास्तर
सोफ्याचं तुम्ही बघा. चेंबर वाढवा. मागचं झाकण ५० × ४५ असेल तर तिथं बाहेरच्या बाजूने १६ सेमी खोल (आतलं माप) चौकट चढवा, ३६ लिटर मिळतात. प्लाय तोच १८ मिमी. फेविकॉल लावून दीड इंची स्क्रू दर १० सेमीला, आधी ड्रिल करून, नाहीतर प्लाय फाटतो.

पायलटहोल
फरफर म्हणजे हवा गळतेय किंवा पॅनल थरथरतंय. ५५ चा टोन हळू आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवा. जिथं धूर हिंदकळेल तिथं गळती, सिलिकॉन भरा. धूर सरळ असेल तर पॅनल दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबला तर तिथं आतून आडवी पट्टी हवी, दर २०-२५ सेमीला एक. आणि ३० हर्ट्झला २४ डीबीचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावा. हॉर्नच्या कटऑफच्या खाली ड्रायव्हरच्या कोनवर (हलणाऱ्या पडद्यावर) हॉर्नचा भार राहत नाही, तो नुसताच मागेपुढे उड्या मारतो.

मागच्या झाकणाला गॅस्केट आहे ना?

उद्यमनगरी
गॅस्केट लावायचं असतं?

लिटरमास्तर
🤦

पायलटहोल
दरवाज्याच्या फटीला लावतात ती फोमची चिकटपट्टी, ६ मिमी, पूर्ण कडेने, कोपऱ्यात तोडू नका. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मग परत उदबत्ती.