विषय: नाताळचं जेवण आणि एकच ओव्हन

नमस्कार मंडळी,
यंदा नाताळच्या दुपारी जेवायला आमच्याकडे दहा माणसं आहेत, त्यात तिघे शाकाहारी. पाच किलोची गोठवलेली टर्की आणली आहे. दीड वाजता सगळं गरमागरम पानात कसं येणार? मुलं म्हणतात, बाहेरून मागवू.

---

वहिनी, मागवू नका. दमवतं ते ओव्हनसाठीचं भांडण, स्वयंपाक नव्हे. म्हणून दीडपासून मागे मोजत या.

टर्की २२ तारखेला सकाळीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, परातीत ठेवा. दोन-सव्वादोन किलोचा बर्फ सुटायला एक दिवस लागतो. ओट्यावर ठेवू नका. आणि आपल्या सवयीने नळाखाली धुऊ तर मुळीच नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

२५ ला साडेनऊला १८० अंशांवर आत, पावणेएकच्या सुमारास बाहेर. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा: मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले की झालं. मग फॉइलखाली पाऊण तास तशीच राहू द्या. रस मांसात मुरतो, शिवाय ओव्हन मोकळा होतो. तो लगेच २२० वर नेऊन आधी उकडलेले बटाटे गरम तेलात सोडा. क्रॅनबेरी सॉस आणि लाल कोबी २३ लाच करून ठेवा.

---

दादांचं गणित बरोबर, पण अख्खी टर्की हवीच कशाला? मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते. मी पाय वेगळे करूनच भाजते. टेबलावर मिरवायला काही उरत नाही, हे खरं, पण खाणारे खूश असतात.

स्टफिंग, म्हणजे आत भरायचं सारण, टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजा. नाहीतर तेही आतपर्यंत ७४ ला पोचायची वाट बघत बसावं लागतं. तिघा शाकाहाऱ्यांची ग्रेव्ही कांदा-मशरूमची, वेगळी, आदल्या दिवशीच. बटाट्यांना बदकाची चरबी लावलीत तर त्यांना नुसता कोबीच उरेल! उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका.

---

ताई, दादा, आभार. पाय वेगळे करायचं काम यांच्याकडे दिलं आहे, बटाटे मुलांकडे. थर्मामीटर कुणाकडे जास्तीचा आहे का? २४ पर्यंत हवा.