खोली स्वस्त, पाणी महाग

विषय: बेटाची सहल, कुठलं रिसॉर्ट?

नमस्कार मंडळी,
सहलीसाठी बारा नावं आली आहेत. त्यात डायव्हिंगचं ओपन वॉटर कार्ड (शिकून पास झाल्याचा पहिला दाखला) असलेले तिघे आणि स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, लावून तासन्‌तास पालथे पडून राहतील असे पाच. उरलेल्या चौघांनी गुडघाभर पाण्यापलीकडे येणार नाही असं आधीच बजावलंय. तीन रिसॉर्टांच्या लिंका सोबत देते, त्यांना 'अ', 'ब', 'क' म्हणू. फोटो तिन्हींचे सारखेच: पांढरी वाळू, फिरोजी पाणी, समुद्राकडे वाकलेला माड. 'क'ची खोली सगळ्यांत स्वस्त पडतेय. कुणाची हरकत नसेल तर रविवारी आगाऊ रक्कम भरून टाकते.
– सहल समिती

प्रत्युत्तर: बेटाची सहल

रविवारी काही भरू नकोस गं.
फोटोतलं पाणी जितकं फिकट फिरोजी, तितकी खाली नुसती वाळू. दिसायला देखणं, पण मास्क लावून आत बघशील तर दोन-चार चुकार मासे. खरी वस्ती असते प्रवाळापाशी, त्यातही खडक जिथे एकदम खोल उतरतो त्या कडेला. ती कड किनाऱ्यापासून किती लांब, एवढ्यावर आपला निम्मा खर्च ठरतो. पोहत जाता आलं तर तिला हाउस रीफ म्हणायचं: सकाळी उतरा, दुपारी उतरा, कंटाळा आला की परत फिरा, कुणाला पैसे द्यायला नकोत. कड लांब असली की दर वेळी बोट, बोटीचं वेळापत्रक आणि बोटीचं भाडं. आठ माणसं, पाच दिवस, रोज दोनदा, हिशेब करून बघ. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

हे रिसॉर्टला विचारायचीही गरज नाही. उपग्रहाचा नकाशा उघड आणि बेट मोठं करून बघ. फिकट पट्टा म्हणजे वाळूचा लगून (खडकाच्या आतलं उथळ, शांत पाणी), तपकिरी डागाळलेला भाग म्हणजे उथळ खडक, आणि तो संपून जिथे गडद निळं सुरू होतं ती कड. मोजपट्टी नकाशातच असते. मी मोजलं. 'क'चा लगून जवळजवळ किलोमीटरभर. 'अ'ची कड एका बाजूने जवळ आहे, पण तिथे लाटा फुटताना दिसतात, म्हणजे त्या बाजूने उतरायची सोय नाही. 'ब'ला जेट्टीच्या टोकापासून साठ-सत्तर मीटर.

'ब'ला एकच विचार: ओहोटीला कडेपर्यंत जायला खडकातून वाट आहे का? उथळ खडकावर वीतभर पाणी उरलं की पोट खरचटतं, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. आपल्या पायाखाली प्रवाळ मोडतं ते वेगळंच. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) 'रीफ समोरच आहे' म्हणाले होते. होतीही समोर. खोलीच्या खिडकीतून दिसायची.
– काका

प्रत्युत्तर: प्रत्युत्तर: बेटाची सहल

काकांच्या मोजपट्टीला माझी एक पुरवणी. महिना कुठला, ते कुणीच लिहिलेलं नाही. स्वस्त दर पुष्कळदा पावसाळ्याचा असतो आणि गढूळ पाण्यात हाउस रीफ असून नसल्यासारखी. शिवाय शेजारशेजारच्या समुद्रांचे ऋतू वेगळे. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बाजूचं सिमिलन बेटांचं उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. पलीकडे थायलंडच्या आखातातल्या को ताओ बेटाला तेव्हा खुशाल जाता येतं, तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मलेशियाच्या पेरेंतियान बेटांवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक सगळ्यांची दारं बंद.

आणि तीनच लिंका कशाला? नुसतं डायव्हिंग असतं तर मी डोळे मिटून बोनेर बेट म्हणालो असतो. कॅरिबियनमध्ये असूनही चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला. १९७९ पासून भोवतीचा समुद्र संरक्षित आहे. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड, त्यांवर जागेचं नाव. गाडी थांबवायची, हवेची टाकी पाठीला लावायची आणि चालत पाण्यात शिरायचं. बोट लागतच नाही. पण किनारा खडकाळ, तेव्हा गुडघाभरवाले चौघे आपल्याला शिव्या देतील.
– तीन कार्डधारकांपैकी एक

प्रत्युत्तर: प्रत्युत्तर: बेटाची सहल

मालदीवचं नाव कुणी काढलं नाही, महाग म्हणून असेल. रिसॉर्ट महागच, एका बेटावर एकच, म्हणजे चहाला बाहेर जायचं तरी जाणार कुठे? पण लोकवस्तीच्या बेटांवर आता गेस्ट हाउस आहेत, तिथे बराच फरक पडतो. नियम मात्र आधी ऐका. गावात अंगभर कपडे, पोहण्याच्या तोकड्या कपड्यांना वेगळा राखलेला किनारा, दारू नाही. मला काहीच अडचण नाही, दोघा-तिघांना असेल (नावं घेत नाही!). बेटापर्यंतचा प्रवास बहुतेकदा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, हे छोट्या अक्षरातलं वाचा. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. विमान संध्याकाळी उतरलं तर एक रात्र विमानतळाजवळ, तिचे पैसे वेगळे.

आणि मांटा रे, तो पंख पसरल्यासारखा अजस्र चपटा मासा, बघायला टाकीच लागते असं नाही. मालदीवच्याच बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे कड्यासारखी प्रवाळबेटांची रांग) हनिफारूच्या उपसागरात २०१२ पासून डायव्हिंगलाच बंदी आहे, फक्त स्नॉर्केल. कार्डवाल्यांनी तिथे आमच्यासारखंच पालथं पडायचं.
– स्नॉर्केल पार्टी

प्रत्युत्तर: गुडघाभरवाल्यांचं म्हणणं

आम्हाला कुणी विचारलं नाही, तरी लिहिते. 'पाण्यात पडलं की पोहता येतं' हे विहिरीला ठीक. मागे एकदा मला लाइफ जॅकेट घालून सोडलं होतं. मास्कमध्ये धुकं, नाकात पाणी. वर बघते तर बोट कुठल्या कुठे. कुणी ढकललं नव्हतं, प्रवाहच नेत होता. आमच्यासाठी 'अ', 'ब', 'क' काहीही घ्या, पण जिथे उतरले तिथेच उभं राहता येईल असा एक कोपरा हवा आणि काठावर लक्ष ठेवणारं माणूस हवं.
– वहिनी

प्रत्युत्तर: गुडघाभरवाल्यांचं म्हणणं

वहिनी, बरोबर आहे तुमचं. असा कोपरा लगूनमध्येच मिळतो, म्हणजे 'क'ला मी उगाच नावं ठेवली. 'ब'च्या मागच्या बाजूला छोटा लगून दिसतोय, तो चालावा. तारीख धरताना अमावास्या-पौर्णिमा टाळा. उधाणाला भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे खडकाच्या फटींतून प्रवाह जोरात धावतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी मवाळ असतं. उतरायचं ते भरती पूर्ण होत आली की, पाणी थबकतं तेव्हा. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळा, धुकं धरत नाही. किळस वाटली तरी सगळे तेच करतात.

कार्डवाल्यांनो, परतीचं विमान आणि शेवटची डुबकी यांत निदान अठरा तास ठेवा. म्हणजे शेवटचा दिवस तुमचा कोरडा. त्या दिवसाच्या डाइव्हचे पैसे पॅकेजमध्ये धरले असतील तर काढायला लावा. आणि विम्यात डिकंप्रेशन चेंबरचा (डुबकीनंतर दाब एकदम उतरून अंगात वायूचे बुडबुडे धरले तर त्यावरच्या उपचाराची खोली) खर्च येतो का, ते बघा.
– काका

प्रत्युत्तर: प्रत्युत्तर: गुडघाभरवाल्यांचं म्हणणं

'ब'चं उत्तर आलं. खडकातून वाट आहे, दोऱ्या लावून आखलेली. मागचा लगून कमरेइतका, त्यात वाळूच. खोली 'क'पेक्षा महाग, पण बोटी वजा केल्यावर एकूण आकडा कमी येतोय, दोनदा मोजला. भांगाचा आठवडा मागितलाय. सगळ्यांनी मास्क स्वतःचे आणा, भाड्याचे गळतात.

काका, आमच्या गटातल्या दोघांना मिशा आहेत. मास्क बसेल ना?
– सहल समिती

प्रत्युत्तर: मिशा

बसेल. नाकाखाली मास्कची कड टेकते तेवढी बारीक रेघ भादरायची, बाकी मिशी शाबूत. माझी तीस वर्षं तशीच आहे, तुम्हाला कुणाला कळलं नाही.
– काका